शेऱ्याचा रकाना

श्रेणी दोनचा दवाखाना. एक खोली, बाहेर एक खोडा,
गुरांनी मान घासघासून त्याच्या लोखंडाला आणलेली चकाकी.
फळ्यावर डॉक्टरांचं नाव, खाली खडूनं 'सोम, गुरु'.
गुरु कुणीतरी पुसलाय,
आणि सोमवारी सिन्नरला मीटिंग असते.
मी व्रणोपचारक. गाव मला डॉक्टर म्हणतं.
नाही म्हणायचं सोडून मला नऊ वर्षं झाली.

लंपीच्या साली लस आली थर्माकोलच्या खोक्यात,
सहाशे बारा मात्रा, सही करून घेतल्या.
दोनशे चाळीस टोचल्या दोन दिवसांत, दारोदार, उन्हात.
मग शुक्रवारी फ्रीज बंद पडला.
शनिवार. रविवार.
समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या,
त्यांची वीज कुठं जात होती कोण जाणे.
सोमवारी बाटल्या हाताला लागल्या
ठेवून दिलेल्या चहाइतक्या कोमट.
डॉक्टरांकडे चार गावांचा चार्ज.
फोनवर म्हणाले, "बघा काय जमतंय ते."

जमलं ते एवढंच:
दवाखान्यामागं गुडघाभर खड्डा,
आणि रात्री जुनी यादी उशाशी घेऊन
बिल्ल्यांचे बारा-बारा आकडे, एका बैठकीत, निळ्या शाईत.
लक्ष्य सहाशे बारा. साध्य सहाशे बारा.
अक्षर चांगलं आहे माझं. तपासणीत कौतुक झालं.

कौतिका सांगळे खिडकीशी आली नाही,
खोड्यापाशी येऊन उभी राहिली.
पदराची गाठ सोडून पिवळा बिल्ला काढला,
कानाचा वाळका तुकडा अजून त्याला धरून होता.
"वाच."
वाचला.
"आता तुझ्या वहीत बघ."
वहीत होती. चौदा तारीख. लसीकरण: झाले.
"बांडी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली.
झूल शिवून ठेवलेली तशीच आहे.
मीठ मी टाकलं खड्ड्यात, ह्या हातांनी."

मग आवाज न चढवता म्हणाली,
"डाव्या अंगानं कुणी गेलं की ती लाथ घालायची.
आमच्या घरच्यांचा गुडघा तिनंच फोडला.
तू सुई टोचलीस ना?
कुठं बसली ते दाखव."

मी खाली बघितलं.
नडगीवर साधा ओरखडा नव्हता.

ड्रॉवर उघडला, भरपाईचा फॉर्म शोधू लागलो,
फॉर्म शोधताना माणसाला खाली बघता येतं.
"ते राहू दे," ती म्हणाली. "ही ओळ खोड आधी.
मेल्यावर तरी तिला टोचू नका.
आणि दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला वही घेऊन ये.
आमच्या गल्लीत अजून सात बिल्ले आहेत,
डब्यांत, देव्हाऱ्यात, एक तर पोराच्या दप्तरात."
गेली. जाताना पाण्याच्या हौदात हात घालून बघितला,
हौद कोरडा.

खोडाखोड करायची तर वरिष्ठांची सही लागते.
मी सही न घेता खोडली.
शेऱ्याचा रकाना दीड बोटाचा,
त्यात 'मृत' मावतं, 'कधी' मावत नाही,
'कुणामुळे'ची तर छपाईतच सोय नाही.
तरी तिरकं लिहिलं, समासात गेलं:
नोंदीआधी मृत. नोंद खोटी. नोंद माझी.
महिन्याच्या तक्त्यात सहाशे अकरा.

नऊ वर्षांत फ्रीजसाठी सहा पत्रं पाठवली,
नाशिकहून एकाचंही उत्तर नाही.
तक्ता पोचला त्याच दुपारी फोन वाजला.
"गेल्या महिन्यात शंभर टक्के होतं तुमचं.
एक कमी कसा?"

मागच्या खड्ड्यावर गवत आलंय आता,
एक शेळी तिथं चरत होती, बिनबिल्ल्याची.
मी रिसीव्हर ह्या कानाचा त्या कानाला नेला.
म्हटलं, "साहेब, अजून मोजतोय."